जमुनाच्या विळीवर कोण बसणार?

मी एक जुनी विळी आहे. जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण बोथट म्हणाल तर खबरदार! आजही हाताएवढ्या जिताडा माशाचं डोकं मी एका दमात वेगळं करते. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने समोर येऊन बसावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की रडतात. मोडकी खुर्ची रडते, गंजलेली सायकल रडते. मला ते जमत नाही. माझ्यासमोर बसून कांदा चिरणारे रडतात, मी नाही. तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझं पातं ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यातून निघालं. उरणकडच्या एका लोहाराने ते तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि टोकाला नारळ खवायचे दात काढून दिले. माझा पाट दादूने केला. दादू हा बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी, जमुनाचा नवरा. त्याची होडी मोडली तेव्हा त्याने तिची एक सागवानी फळी वाचवली आणि त्यावर मला बसवलं. घरी आणून बायकोला म्हणाला, "जमुना, ही घे. होडी गेली, पन फली घरातच राह्यली." दादू आता नाही. फळी आहे, मी आहे आणि जमुना आहे.

काय दिवस होते ते! पहाटे होड्या लागायच्या. जमुना मला पाटीत घालून डोक्यावरून बेलापूरच्या बाजारात न्यायची. मांडी ठोकून बसायची, उजवा पाय माझ्या पाटावर रोवायची आणि मग आम्ही दोघी कोणाला ऐकत नसू. समोर टॉवर उभे राहिले, त्यांत नवी माणसं राहायला आली. त्यांना हलवा कुठला आणि पापलेट कुठलं हेसुद्धा कळत नसे. नाकाला रुमाल लावून यायची, आणि महिन्याभरात "मावशी, तुकड्या तुमच्याच हातच्या हव्यात" म्हणून रांग लावायची. तुकडी सगळी एका जाडीची, काटा कुठे चुरलेला नाही. लोक जमुनाचं कौतुक करायचे. ती माझ्या पात्यावर पाणी ओतत म्हणायची, "मी काय करते? ही करते." ते मला फार आवडायचं. उगाच लाजायचं कशाला?

मग तीन वर्षांपूर्वी जमुनाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे जमिनीवर बसायचं नाही. झालं! तिचा मुलगा कल्पेश याने स्वयंपाकघरात चकचकीत ओटा बांधला, सुऱ्या आणल्या. मला गॅसच्या सिलिंडरमागे सरकवलं. आईला दारात खुर्ची टाकून दिली आणि म्हणाला, "आई, आता फक्त आराम. टेन्शन घ्यायचा नाय." वर त्याने एक खोली बांधली, खाडीकडे खिडकी असलेली, सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी. जेवण मात्र बाहेरून पार्सल. ज्या घरातून आख्ख्या बेलापूरला मासे कापून गेले, त्या घरात डब्यातून मासे यायला लागले! मी सिलिंडरमागून बघत होते आणि जळत होते.

गेल्या मे महिन्यात हिंगोलीकडून तीन पाहुणे आले. दुर्गाबाई, त्यांचा मुलगा धम्मपाल आणि सून संघमित्रा. दुर्गाबाईंनी एका अंगणवाडीत सत्तावीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलाने विचारलं, आई, काय पाहिजे? त्या म्हणाल्या, समुद्र बघायचाय आणि समुद्राचं मासं माह्या हातानं रांधून खायचंय. म्हणून ही चार दिवसांची सुट्टी.

आल्या तेव्हा नेमकी ओहोटी होती. खिडकीतून मैलभर चिखल. दुर्गाबाई खाली येऊन जमुनाला म्हणाल्या, "बाई, ह्योच का समुद्र?"

"पानी गेलाय, येल परत," जमुना म्हणाली. "त्याला काय घाई हाय?"

दोघी हसल्या. तिथंच त्यांची गट्टी जमली.

दुपारी पार्सल आलं. डब्यावर लिहिलेलं 'कोळी थाळी'. दुर्गाबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि हळूच विचारलं, "तुमी रोज हेच खाता का ओ?" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण जमुनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या मनात आलं, माझ्या दारात आलेली बाई बर्फातला शिळा म्हावरा खाऊन जाणार?

संध्याकाळी कल्पेश कामावरून आला तशी ती म्हणाली, "उद्या घरात रांधायचा. मी रांधनार."

"आणि कापणार कोन? आई, तुला उभं राहून सुरी धरता येत नाय, खाली बसता येत नाय. कशाला हट्ट?" मग त्याची नजर माझ्यावर गेली. "ही विळीपन अजून हितंच! उद्या दुपारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकतो."

"हात तर लावून बघ!"

"अगं, पन हिच्यावर बसनार कोन? खाली बसनारा घरात हाय कोन आता?"

जमुनाने तोंड उघडलं आणि मिटलं. मित्रांनो, खरं सांगते, बाजारात तिला गप्प करणारा माईचा लाल मी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला माझी नाही, तिची काळजी वाटली. भंगारात मी एकटी जाणार नव्हते. तिचं स्वयंपाकघरही माझ्याबरोबर जाणार होतं.

सकाळी कल्पेश द्रोणागिरीच्या गोदामात कामाला गेला, त्याची बायको मनस्वी ऑफिसला. धम्मपाल आणि संघमित्रा सीवूड्सचा मॉल बघायला गेले. दुर्गाबाई म्हणाल्या, मॉल मला कशाला, मी इथंच बसते. जमुना काठी टेकत धक्क्यावर गेली आणि बोंबील घेऊन आली. शिवाय निवट्या. ओहोटीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे हे बोटाएवढे मासे टोपात घातले तरी झाकण वाजवत होते.

तिने मला सिलिंडरमागून काढलं, धुतलं, जमिनीवर मांडलं. मग एका हाताने ओटा धरून ती खाली वाकली. निम्म्यापर्यंत आली. गुडघे थांबले. ती तशीच थरथरत राहिली आणि पुन्हा उभी झाली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पदराने रागारागाने पुसलं.

दुर्गाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मी बसते की. माहे गुडघे दणकट हायत. तुमी सांगा, मी कापते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पर तुमच्या घरच्या विळीवर मी बसलेलं... चालंल का?"

त्या 'चालंल का'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर काम करता करता त्यांनीच सांगितला. लहानपणी त्या आईबरोबर गावातल्या घरांत कामाला जायच्या. अंगण झाडायचं, लाकडं फोडायची. पण चुलीपर्यंत जायचं नाही. पाणीसुद्धा वरून ओतलेलं प्यायचं. बाबासाहेबांचा धम्म घेतलेलं घर त्यांचं, मान ताठ. तरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाय टाकताना आत कुठेतरी ते विचारणं शिल्लक राहिलं होतं.

जमुनाने मात्र तो प्रश्न ऐकला आणि ताडकन म्हणाली, "विळीवर बसायला काय परवाना लागतो? ये बाय आत. पाय दे पाटावर, घट्ट दे."

दारातली खुर्ची ओढत तिने स्वयंपाकघरात आणली आणि माझ्यासमोर ठाण मांडलं.

सुरुवातच वाईट झाली. दुर्गाबाईंना नदीतले मासे माहीत. मरळ घ्यायची, मीठ लावायचं आणि खसाखसा घासायची, हीच त्यांची रीत. त्यांनी बोंबील घेतला आणि तसाच घासला. बोंबील तो! हाडापासून सुटून त्याचा लगदाच झाला.

"अगो बाय बाय!" जमुना ओरडली. "धुनी धुतेस का म्हावरा?"

"आसा कसा तुमचा मासा! हात लावला की रडतो!"

पण निवट्यांची पाळी आली तेव्हा जमुनाच अडली. निवट्यांच्या अंगावर बुळबुळीत चिकटा असतो. तो काढायला चुलीची राख लागते, आणि गॅसच्या घरात राख कुठली? दुर्गाबाई उठल्या, वर गेल्या आणि दात घासायच्या राखुंडीचा डबा घेऊन आल्या. शेणीची चाळलेली राख, घरी केलेली. जमुना डब्याकडे बघतच राहिली. मग दोघी इतक्या हसल्या की निवट्या आणखी उड्या मारायला लागल्या. दुर्गाबाईंनी राख टाकली, झाकण दाबून टोप गदागदा हलवला आणि मग आपल्या खसाखसा हाताने घासलं. इथे तोच हात हवा होता! चार पाण्यांतून निवट्या लख्ख निघाल्या. मग मी कामाला लागले. कल्ला, शेपटी, पोट. दोन वर्षांनी माझ्या पात्याला ओल लागली. काय सांगू तुम्हाला, किती बरं वाटलं!

लसूण ठेचून तेलात पडला, जमुनाच्या हातचा मसाला पडला, कैरीच्या फोडी पडल्या. दुर्गाबाई पळी घालून ढवळणार तोच जमुनाने त्यांचं मनगट धरलं. "पली नाय घालायची. फडक्यानं टोप धर आनि गोल फिरव." अर्ध्या गल्लीत वास गेला, आणि दुर्गाबाई उरलेले बोंबील कापायला पुन्हा माझ्यावर बसल्या.

तेवढ्यात कल्पेश आला. शनिवार होता, त्याची सुट्टी लवकर झाली होती. दारातच थिजला. पाहुणी जमिनीवर, हाताला माशाचं रक्त, आई खुर्चीवर बसून हुकूम सोडतेय.

"आई! पाव्हन्यांना कामाला लावलंस? लोक रिव्ह्यूत काय लिहितील?" तो मला उचलायला वाकला.

दुर्गाबाईंनी पाय काढला नाही. उलट आणखी रोवला. "माह्या पायाखालची वस्तू हाय, बाबा. माहं काम होऊ दे. सत्तावीस वर्सं लोकाच्या लेकरांना खिचडी वाढली, आज पहिल्यांदा हौसेनं रांधायला बसले. मला कुणी लावलं न्हाई कामाला."

कल्पेशने आईकडे पाहिलं. आता मात्र जमुनाकडे उत्तर होतं.

"पाव्हनीनं बसायचा नाय ना? बराबर हाय तुजा. मंग तू बस."

"मी? आई, आपल्यात बाप्ये विळीवर बसत नाय."

"म्हावरा खायला बसतात ना? त्याच जमिनीवर बसतात. बस! कसा कापायचा ते मी सांगते. माजे गुडघे गेलेत, जीभ नाय गेली. नायतर ती खोली बंद कर. माज्या दारातून पाव्हना शिळा खाऊन जानार नाय."

बाहेर भंगारवाल्याची हाक आली. कल्पेशने दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. जमुनाची नजर हलली नाही. दुर्गाबाई उठल्या, त्यांनी हसून जागा करून दिली.

आणि तो बसला. सहा फुटांचा तो माणूस, कामावरच्या पँटमध्ये, अवघडून. पहिला बोंबील वाकडा गेला. दुसऱ्याला मी त्याचं बोट धरलं. त्याने "आई गं!" केलं. जमुनाने हळद दाबली आणि शांतपणे म्हणाली, "आता पुढचा घे." भंगारवाला दोनदा ओरडून निघून गेला.

आता दर शनिवारी कल्पेश बसतो. मनस्वीही शिकतेय. पाहुण्यांतही ज्याला हौस असेल त्याला जमुना विचारते, बसतोस का?

तेव्हा मित्रांनो, मला जपा, तेल लावा, शोभेला भिंतीवर टांगा, असलं काही मी मागणार नाही. जपून ठेवलेली विळी गंजते आणि आराम दिलेली आईसुद्धा. मला जमिनीवर मांडा, पाय घट्ट रोवा आणि जिला माहीत आहे तिला विचारून कापा. बाई असा, बाप्या असा, कुठल्याही गावचे असा, माझ्याकडे परवाना लागत नाही. फक्त एक सांगून ठेवते. पहिल्या दिवशी मी कोणालाही सोडत नाही.