भिंतीचं पोट

सयाजी गवंड्यानं तिसऱ्यांदा भिंत पाडायला सांगितली, तेव्हा कृष्णातनं थापी घमेल्यात टाकली आणि तो विटांच्या थप्पीवर जाऊन बसला.

"तात्या, आता ह्या विटाबी कटाळल्या असतील."

कृष्णात त्याचा पुतण्या. चाळिशीचा, हाताचा साफ आणि तोंडाचा फाटका. गडमुडशिंगीत सयाजीच्या घरामागं स्वयंपाकघर उठत होतं. चाळीस वर्षं सयाजीनं लोकांची घरं बांधली, आणि त्याची बायको चिमणाबाई पत्र्याच्या आडोशाला भाकरी थापत राहिली. दोन हजार सातची दिवाळी झाल्यावर त्यानं मनावर घेतलं. तीन भिंती कृष्णातनं घालायच्या, चुलीकडची चौथी त्यानं स्वतः, असं गावभर सांगून झालं होतं.

"भिंतीनं मधी पोट काढलंय," सयाजी म्हणाला.

"ओळंबा लावा की मग. मला कशाला सांगताय?"

सयाजीनं रागारागानं ओळंबा लावला. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन हललं, डुललं आणि थांबलं. अशी टांगलेली दोरी सरळच असते. तिला दुसरं काही जमतच नाही. पण ती दोरी मधोमध वाकली होती, कुणी बोट लावून दाबल्यासारखी.

त्यानं दोरीवरून बोट फिरवलं. सरळ. डावा डोळा झाकला. बाक आणखी वाढला. उजवा झाकला तर दोरी सरळ झाली, पण धुरातनं बघितल्यासारखी पुसट.

"पाडू नगंस," एवढंच बोलून तो आडोशाकडं गेला.

"दोरीला पोट आलंय," त्यानं चिमणाबाईला सांगितलं.

तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली. "दोरीला न्हाई, डोळ्याला आलंय. मोतीबिंदू असंल. उद्या कोल्हापूरला जाऊ, काढून टाकतील."

मोतीबिंदू नव्हता. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, डोळ्याच्या आतले फोटो काढले आणि दोघांना समोर बसवलं. डोळ्याच्या मागं पडदा असतो, त्याच्या मधल्या भागाची वयानं झीज होते, असं त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्यात नुसती झीज होती. उजव्यात पडद्याखाली नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या आणि त्यांतनं पाणी झिरपत होतं.

सयाजीनं फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "भिंतीत ओल शिरली की गिलावा फुगतो. तसंच व्हय?"

बाई हसल्या. "अगदी तसंच. पडदा फुगला म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

"मग ओल काढा की."

"इंजेक्शनानं ओल थांबवता येते. महिन्याला एक, डोळ्यात. पण जेवढा गिलावा खराब झालाय, तो सगळा परत नवा होईल असं मी सांगणार नाही."

"डोळ्यात सुई?" त्यानं खुर्ची मागं सरकवली.

"बधिर करून देतात. आणि तंबाखू आजपासून बंद."

"आंधळा व्हतोय का मी?"

"कडेचं दिसत राहतं. पूर्ण अंधार होत नाही. पण उशीर केलात तर मधलं जाईल."

चिमणाबाईनं त्याच्या खिशातली तंबाखूची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "सुई कधी द्यायची, बाई?"

इंजेक्शन झालं. सयाजीनं सांगितलं ते एवढंच, की भीती मोठी होती आणि सुई बारीक. बाईंनी चौकटी छापलेला एक कागद दिला होता. रोज एकेक डोळा झाकून तो बघायचा, रेघ आणखी वाकली किंवा तुटली तर लगेच दवाखाना गाठायचा. तंबाखूवाचून पहिले पंधरा दिवस तो सगळ्यांच्या अंगावर येत होता. डोळ्याला पालेभाजी चांगली असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून चिमणाबाई त्याला रोज मेथी नाहीतर पालक खाऊ घालत होती.

"म्हस केलीस माझी," तो म्हणायचा.

"म्हस दूध तरी देती," ती म्हणायची.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर रेघांचा बाक बराच कमी झाला. पण मध्ये एक डाग राहिला तो राहिलाच. टेपवरचे आकडे त्या डागात बुडायचे. कृष्णातच्या तिन्ही भिंती उठल्या, चुलीकडची मात्र घालायची राहिली होती. कृष्णात तिला हात लावायला तयार नव्हता. "तुमची भिंत हाय. तुमीच घाला, न्हाईतर तशीच ऱ्हाऊ दे."

एका सकाळी सयाजी उठला आणि त्यानं थराला धरायची सुतळी काळ्या रंगात बुडवून वाळत घातली. तांबूस सुतळी विटेवर हरवायची, काळी ठसठशीत दिसायची. मान जरा वळवून, डाग बाजूला सारून बघितलं की वीटही दिसत होती.

"कोंबडी बघती तसं बघताय," चिमणाबाई म्हणाली.

"हसतीस काय? हिकडं ये. ही लेव्हल धर. बुडबुडा दोन रेघांच्या मधी हाय का सांग."

पन्नास वर्षांच्या संसारात तिनं परांचीवर पाय ठेवला नव्हता. लुगडं खोचून ती चढली. "न्हाई. तुमच्याकडं पळालाय."

"दाब उजवीकडं."

"तुमचं उजवं का माझं?"

खाली कृष्णात पोट धरून हसत होता. एकेक थर तासाचा झाला. सयाजी हातानं सांधा चाचपायचा, ती बुडबुडा सांगायची, आणि चुकलं की बेधडक म्हणायची, "काढा ती वीट." आयुष्यात त्याला असं कुणी बोललं नव्हतं. तो काढत होता. जेवायला बसताना दोघांच्या केसांत सिमेंट असायचं.

गुढीपाडव्याला आत चूल पेटली. शेजारची अंबूबाई जेवायला आली. तिनं भिंतीवरून हात फिरवला, मागं सरकून एक डोळा मिटून बघितलं, आणि पाटावर बसत म्हणाली, "सयाजीराव, माझ्या गोठ्याची भिंत कलली हाय. कवा येताय?"

सयाजीचा घास हातातच राहिला.

"मंगळवारी सुई हाय," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी येतो."

"येतो न्हवं," चिमणाबाई वाढता वाढता म्हणाली, "येतो आमी, म्हणा."