एकलहऱ्याच्या घरातली पॉवर

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा असतो, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा, तोच मी. माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. नाशकातल्या दुकानात मी कॅबिनेटबरोबर फुकट आलो. त्यामुळे मला कोणी विकत घेतलं की नाही, हेही मला अजून नीट उमगलेलं नाही.

रावजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. कॉलनीतल्या त्यांच्या घरी मी बरीच वर्षं निमूटपणे राबलो. त्यांची मुलगी छाया आणि शेजारची सुवर्णा एकाच कीबोर्डवर गाड्यांच्या शर्यती खेळायच्या. एकीची बोटं बाणांवर, दुसरीची अक्षरांवर. मग शर्यतीचा नवा गेम आला आणि तो आमच्यावर चालेना. त्यातच सुवर्णाच्या वडिलांची परळीला बदली झाली. ती जाण्याआधी ही शर्यत दोघींनी एकदा तरी पुरी करायची, एवढाच छायाचा हट्ट होता.

रावजींनी बोनसमधले थोडे पैसे काढून दिले. मग घरात रोज वाद. रॅम वाढवायची की ग्राफिक्स कार्ड घ्यायचं? कार्ड घेतलं तर प्रोसेसर पुरेल का? मी ऐकत होतो आणि माझा गोंधळ वाढतच होता. प्रत्येक जण पॉवर पॉवर म्हणत होता, पण माझ्याविषयी कोणीच बोलत नव्हतं.

शेवटी आम्हाला रिक्षातून दुकानात नेलं. छायाने सगळ्यात भारी कार्ड निवडलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, मग पॉवर सप्लायपण मोठा घ्यावा लागेल."

रावजी मोठ्याने हसले. "एकलहऱ्याच्या माणसाला पॉवर विकतो का? आमच्याकडं तीच तर लय हाय!"

दुकानदारही हसला. आपल्यात पुष्कळ ताकद आहे असं वाटून मीसुद्धा फुशारलो.

त्या संध्याकाळी शर्यत सुरू झाली. तिसऱ्या वळणावर माझा जीव घाबरा झाला आणि सगळं एकदम बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"लाईटच कमी येत असेल," सुवर्णा म्हणाली.

रावजींना ते लागलं. "कॉलनीतली लाईट हाय ही! कमी कशी येईल?"

छायाने वायर बघायला मागे हात घातला आणि झटकन काढला. "आई गं! बाबा, हा डबा बघा किती तापलाय!"

रावजींनी मला हात लावला. मग त्यांनी बटण बंद केलं आणि कार्डाची पावती शोधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भारी कार्ड परत गेलं. त्याऐवजी साधं कार्ड आणि एक नवा पॉवर सप्लाय आला. पडद्यावरची झाडं जरा ओबडधोबड दिसत होती म्हणे, पण शर्यत पुरी झाली. दोघी हसल्या आणि मग सुवर्णा रडली. सकाळी तिच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढलं. मी टेबलाखाली सुटा पडलो होतो. मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते कळेना.

मित्रांनो, घरात नवं काही आणाल, तेव्हा त्याचं ओझं कोणावर पडणार ते आधी विचारा. मला विचारलं असतं, तर मी बहुतेक "झेपेल" असंच म्हणालो असतो. तरीही कोणी विचारलं असतं, तर मला फार बरं वाटलं असतं.