मेणपाटीवरची नावे

मित्रांनो, मी एक जुनी मेणपाटी आहे. लाकडाची चौकट, आत काळे मेण. टोकदार काडीने लिहायचे, तिच्या चपट्या बुडाने पुसायचे. स्मुर्णा शहरातल्या शाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. चौकटीला तडा गेला तसे मला टाकून दिले. पाव भाजणाऱ्या त्रुफैनाने मला उचलून घरी नेले.

तिच्याकडे शेलोमित नावाची म्हातारी राहायची. रोमी सैन्याने यरुशलेम जाळले तेव्हा धुराच्या लोटात धाकट्या बहिणीचा हात तिच्या हातून सुटला होता. तीस वर्षे झाली, तरी भट्टी पेटली की ती दाराशी जाऊन उभी राहायची.

"लिही गं," ती म्हणायची. "डोंगरावरून एक श्वापद उतरलं. त्याच्या दातांत जळती घरं होती."

"श्वापद कशाला? सरळ सैन्य म्हणा ना, मावशी."

"सैन्य म्हटलं की माझी जीभच वळत नाही. श्वापदच लिही. आणि लिही, आपला ख्रिस्त राजा येईल, मेलेल्यांना नावानं हाका मारील. पहिली हाक माझ्या धाकटीला, योखानाला."

ख्रिस्ताला मानणारी मंडळी पहाटे त्रुफैनाच्या घरी जमायची. त्रुफैना वाचून दाखवायची.

"पण येणार कधी?" एकाने विचारले.

"झाडांवरची जैतुनं उतरायच्या आत!" शेलोमित बोलून गेली. तेही माझ्यावर लिहिले गेले. मग कोणाला चैन पडेना. रस्त्यात पावले वाजली की माणसे बाहेर धावत. आंद्रोन कुंभाराने तर चाक विकून टाकले.

जैतुने उतरली. तेलही गाळून झाले.

"कुठंय गं तुझा राजा?" आंद्रोन सर्वांसमोर ओरडला. "वाट चुकला का? आता मी काय तुझं श्वापद भाजून खाऊ?"

कोणी हसले नाही. शेलोमितने मला त्रुफैनापुढे सरकवले.

"ती मुदत पूस," ती त्रुफैनाला म्हणाली. "मुदत माझी होती. त्यानं दिली नव्हती."

"आणि बाकीचं?"

"राहू दे. योखानाला मी पुन्हा सोडणार नाही."

आंद्रोन तरातरा दारापर्यंत गेला आणि थबकला. गेल्या साली ख्रिस्ताचे नाव सोडेना म्हणून त्याच्या मुलाला रिंगणात सिंहांपुढे टाकले होते. तेव्हापासून मुलाचे नाव त्याने तोंडातून काढले नव्हते.

"जागा आहे का पाटीवर?" तो परत येऊन म्हणाला. "झोसिमस लिही."

मग एकेक जण आपापल्या गेलेल्या माणसाचे नाव सांगायला पुढे सरकला. माझे मेण कडेपर्यंत भरले. पुढे ते सारे पपायरसच्या कागदावर उतरून गावोगावी गेले. शेलोमित वाट पाहतच वारली. मी फळीवर पडून आहे, मेणाला भेगा पडल्या आहेत.

मित्रांनो, कोणी तेच ते दुःख पुन्हा सांगू लागले, तर "हे कालच सांगितलंस" म्हणू नका. कदाचित तो अजून नावापर्यंत पोचलेला नसेल.