बारीक करून दिलेला फ्रॉक

मावशींनी टेप ढब्बूच्या छातीभोवती फिरवली, आकडा वाचला आणि टेप सोडून पुन्हा लावली.

"श्वास सोड गं. असा आत ओढून नको धरूस."

"सोडलाय," ढब्बू म्हणाली.

साडेबावीस. मावशींनी चष्मा पुसला आणि टेपच्या पितळी टोकापासून एकेक आकडा बोटाने चाचपत गेल्या. टेप बिचारी ठीक होती. साडेबावीसच.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकान म्हणजे तरी काय, एक खोली. दोन मशीन, कापड बेतायचं एक लांब टेबल आणि चहूकडे निळ्या कापडाचे ढीग. त्या ढिगांत बसून मावशींची धाकटी जाऊ काजं करत होती. हात काजांवर आणि तोंड सगळीकडे, असा तिचा कारभार. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे शाळा. बावीस वर्षं त्या शाळेचे गणवेश मावशींच्याच हातचे, आणि आजवर एकही परत आला नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. तसा एक आला होता, पण तो त्या धरत नसत.

त्याचं असं की मावशी दरवर्षी मापं घेतच नसत. साडेतीनशे पोरांना दर साली कोण टेप लावत बसणार? पहिलीत एकदा माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि पुढे पाचवीपर्यंत त्यात भर घालत जायची. उंचीला दोन इंच, छातीला एक. शिवणीत थोडी माया सोडली की काम झालं. पोरं वाढतातच, त्यात काय बघायचंय? बावीस वर्षांत हा अंदाज कधी फसला नव्हता, आणि गेल्या साली ढब्बूचा फ्रॉक परत आला. तिची आई घेऊन आली होती. खांद्यावरून घसरणारा, कमरेत दोन मुठी मावतील एवढा ढगळ. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याच कुणाचं माप हिच्यापुढे उतरलं असणार! स्वतःच्या म्हातारपणाला हसत त्यांनी दोन्ही बाजू उसवल्या, दहा मिनिटांत टिपा मारून दिल्या आणि वर ढब्बूच्या आईला चहा पाजला. म्हणूनच या वर्षी त्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता, की पोरीला घेऊन या, टेप लावूनच बेतते.

"पहिलीत तेवीस होतं," वही चाळत मावशी म्हणाल्या.

"कुणाचं?" जाऊने विचारलं.

"हिचंच. आता तिसरीत जाईल."

"तेव्हा बाळसं होतं हो, ताई. उगाच का ढब्बू नाव पडलं?" जाऊ पोरीकडे वळली. "काय गं ए, खाल्लेलं सगळं डोक्यातच जातं का तुझ्या? गणितात पहिली येतेस म्हणे. थोडं अंगालाही लावून घे की!"

ढब्बू हसली नाही. तिने फक्त दोन्ही हात मागे घेतले.

ढब्बूचे बाबा म्हणजे सर. नुसतं सर म्हटलं की पुरे. अख्ख्या वस्तीतली पोरं त्यांच्याकडे गणिताच्या शिकवणीला जात. जावेचा मुलगा दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्या खेपेला पास झाला तो त्यांच्यामुळेच. कधी आवाज चढवत नाहीत, कधी हात उगारत नाहीत, म्हणून आया त्यांचे गुण गात. शाळेच्या समितीवरही ते होते, आणि गणवेशाचं काम कुणाला द्यायचं ते ती समितीच ठरवी.

"हात पुढे कर. बाहीचं माप राहिलं."

ढब्बूने हात पुढे केला. मावशींनी दंड धरला आणि त्यांचा अंगठा आणि मधलं बोट पलीकडे जाऊन एकमेकांना भेटलं. वर जागा उरली. त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि आकडा काही लिहिला नाही.

जाऊने आपला बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला. "घे गं. लाजू नकोस."

ढब्बूने आधी दाराकडे पाहिलं. तिची आई समोरच्या दुकानात वह्या घ्यायला गेली होती, ती अजून आली नव्हती. मग पोरीने एक बिस्किट उचललं आणि असं गिळलं की चावल्याचा आवाजही आला नाही. दुसरं आणि तिसरं तिने खिशात घातलं.

"अगं, इथेच खा की. खिशात भुगा होईल," मावशी म्हणाल्या.

"भुगा झाला तरी चालतो."

"कुणासाठी नेतेस?"

"माझ्यासाठीच. उद्या सतराचा पाढा आहे."

मावशींना काही उमगेना. "मग?"

"चुकला तर असू दे."

जावेची सुई काजात थांबली. मावशी स्टूल ओढून पोरीसमोर बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"चुकला तर काय होतं गं?"

"जेवण पुढच्या वेळी. तेव्हाही चुकलं तर त्याच्या पुढच्या वेळी." रोजच्या शाळेची वेळ सांगावी तसं ढब्बूने सांगितलं. मावशींचा चेहरा पाहून तिने घाईने पुस्ती जोडली, "बाबा मारत नाहीत हं. मारणं वाईट असतं."

"आणि सगळ्यात जास्त किती वेळ झाला?"

ढब्बूने विचार केला. "भागाकाराला. मंगळवार ते गुरुवार. पाणी प्यायचं असतं."

मावशींनी पोरीला पंख्याखाली बसवलं, उरलेला पुडा तिच्या मांडीवर ठेवला आणि टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. जाऊ मागोमाग आली.

"ताई, पोरं काहीही बोलतात," ती कुजबुजली. "सरांबद्दल बाहेर ब्र काढू नका. हातचं काम जाईल, आणि लोक आपल्याच तोंडात शेण घालतील."

"तूही ऐकलंस ना?"

जाऊने दातांनी दोरा तोडला. "ऐकलं. ऐकलं म्हणूनच सांगते."

मावशींना तिचा राग आला आणि लगेच तो ओसरला. ती निदान ऐकून गप्प बसायला सांगत होती. आपण तर वर्षभरापूर्वी डोळ्यांनी पाहिलं, हातांनी उसवलं आणि हसलो. माप चुकलंच नव्हतं. पोर वाढलीच नाही, हे टेपवाल्या बाईला कळू नये? मेल्या अंदाजाचा एवढा गर्व! मावशींना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ढब्बूची आई वह्यांची चळत छातीशी धरून आत आली. मांडीवरचा पुडा तिने पाहिला, न पाहिल्यासारखं केलं.

"झालं का माप, मावशी? यंदा जरा अंगाबरोबरच शिवा. ढगळ नको."

"नाही शिवणार."

"म्हणजे?"

"वाढत्या पोरीचा फ्रॉक वाढत्या मापाचाच शिवणार. तो हिला मोठा होईल. खांद्यावरून पडेल. मग वर्गात बाई विचारतील, आणि विचारू दे." मावशींनी गळ्यातली टेप काढून टेबलावर टाकली. "तीन-तीन दिवस उपाशी ठेवता हो लेकराला? तुम्ही आई आहात ना तिची?"

आई चिडेल, पोरीचा हात धरून तरातरा निघून जाईल, असंच मावशींना वाटलं होतं. ती गेली नाही. तिने वह्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या कडा जुळवत राहिली.

"मागच्या वर्षीही मी आले होते," ती म्हणाली.

"आला होतात. तेव्हा मला वाटलं, मीच माप चुकले."

"फ्रॉक घरी मलाही बारीक करता आला असता, मावशी. शिवण येते मला." ती हळू आवाजात बोलत होती, पोरीला ऐकू जाऊ नये अशी. "मला वाटलं, तुम्ही विचाराल. तुमच्या हातून एवढी मुलं जातात, तुम्हाला दिसेल. या स्टुलावर तासभर बसले होते."

तो तास मावशींना आठवत होता. त्या तासात त्यांनी आपल्याच विसरभोळेपणाचे किस्से सांगितले होते.

"तुम्ही चहा दिलात. फ्रॉक इतका छान बसवून दिलात की घरी गेल्यावर हे म्हणाले, बघ, म्हणत होतीस ना वाळली म्हणून? कुठे वाळलीय? सगळं अंगात बसतंय की. त्यानंतर मी काही बोलले नाही."

पंखा गरगरत होता. बाहेर एका बाईने आपले कपडे झाले का म्हणून हाक मारली, तिला जाऊने हातानेच परतवलं.

"मोठ्या बाई शाळेत आल्यात," मावशी म्हणाल्या. "प्रवेशाची कामं चाललीत. आत्ता गेलो तर भेटतील."

"मला नाही बोलता यायचं, मावशी. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही त्यांच्याविरुद्ध. घरी जायचंय मला."

"मी बोलते. तुम्ही नुसत्या उभ्या राहा. खोटं आहे असं म्हणू नका, एवढंच."

आईने पदर सारखा केला. ती हो म्हणाली नाही, पण तिने ढब्बूचा हात धरला.

"दुकान मी बघते," जाऊ खाली मान घालूनच म्हणाली.

शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापक बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, फायलींच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. मावशींनी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी मागचा फ्रॉक, मग दंड, मग बिस्किटं, मग पुन्हा फ्रॉक, असं एकात एक झालं. स्वतःची चूकही सांगून टाकली. सरांचं नाव आलं तेव्हा मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं, उठून दार लावून घेतलं आणि शिपायाला कुणाला सोडू नकोस म्हणून बजावलं.

"मला पुढे कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मुलांसाठीच्या कचेरीतून माणसं येतील, डॉक्टर तपासतील. एकदा कळवलं की मागे घेता येत नाही." मग त्यांनी ढब्बूच्या आईकडे पाहिलं. "ह्या म्हणतात ते खरं आहे?"

आईचे ओठ हलले आणि मिटले. मावशींना तिच्याकडे बघवेना.

"नाही," ढब्बूच बोलली. आईचा हात सोडून ती एक पाऊल पुढे आली होती, पाठ ताठ, दोन्ही हात बाजूला, वर्गात उत्तराला उभं राहावं तशी. "बाबा चांगले आहेत. आमच्याकडे खूप जेवण असतं. मला भूकच लागत नाही."

एका दमात म्हणून झालं. कुठेही चुकलं नव्हतं. ती आईकडे बघून थांबली.

"लागते," आई म्हणाली.