देठ नसलेले टोमॅटो

पारखीकाकांना जगात कशाचाच पटकन भरवसा वाटत नसे, आणि त्यात सगळा दोष त्यांचाच होता असंही नाही. घाऊक बाजारात बत्तीस वर्षं त्यांनी भाज्यांची प्रतवारी केली होती. क्रेटमध्ये वर चकचकीत माल आणि खाली सडका, हे रोज पहाटे बघायचं म्हणजे माणसाची नजर तिरकी व्हायचीच. निवृत्त झाले तरी टोमॅटो मापायची पितळी कडी काही त्यांच्या खिशातून गेली नाही. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेपासून जावयाच्या गोड बोलण्यापर्यंत सगळं ते एकदा उलटून बघत. पारखी हे नाव लोकांनीच पाडलेलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ह्याचीही त्यांना शंका होतीच.

शहराच्या टोकाला, जिथून बस वळून परत फिरते, तिथल्या नव्या वस्तीत ते आणि काकू दोन वर्षांपूर्वी राहायला आले. निम्म्या इमारतींना अजून खिडक्या बसायच्या होत्या. सुरुवातीला काकू गॅलरीत उभ्या राहून समोरची क्रेन कधी फिरते ते बघत बसत, कारण बोलायला चिटपाखरू नव्हतं. मग न उघडलेल्या शाळेच्या आवारात दर रविवारी बाजार भरायला लागला. भाज्या, मध, पाव, साबण, मातीची भांडी, आणि पहिल्या रांगेत काकूंच्या विणलेल्या टोप्या. त्या एका टेबलाने काकूंना माणसांत आणलं. आता रस्त्याने जाताना त्यांना चार गॅलऱ्यांतून हाका येत, आणि रविवारची वाट त्या बुधवारपासूनच बघत.

बाजाराच्या फाटकावर पाटी होती, 'स्वतः पिकवलेलं आणि स्वतःच्या हाताने केलेलंच इथे विकलं जाईल.' काकांनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा ते मोठ्याने हसले होते.

मधवाल्याला त्यांनी माश्यांबद्दल इतके प्रश्न विचारले होते की काका दिसले की तो चहा प्यायला निघून जाई. पण काकांच्या मनात खरी ठिणगी पडली ती टोमॅटोवालीपाशी. पन्नाशीची, शिडशिडीत बाई, बोलणं मोजकं. तिच्या एकाही टोमॅटोला देठ नव्हता. आता घरच्या मळ्यातला माणूस टोमॅटो देठासकट आणतो, देठ हिरवा असला की माल ताजा दिसतो. देठ मोडतात ते घाऊकवाले, क्रेटमध्ये एकाचा देठ दुसऱ्याला टोचू नये म्हणून. वर हे सगळे एका मापाचे. काकांनी खिशातून कडी काढली आणि सात टोमॅटो त्यातून घालून पाहिले. सातही बरोबर बसले.

"मळा कुठे तुमचा?" काकांनी विचारलं.

"मागे. शेवटच्या इमारतीपलीकडे."

"तिथे तर नुसते खड्डे आहेत."

"खड्ड्यांच्या पलीकडे," ती म्हणाली. "घ्यायचे आहेत का, काका? मागे रांग लागलीय."

घरी जाताना काकांनी काकूंना सांगितलं, "कुठेतरी पाणी मुरतंय. ही बाई घाऊक बाजारातून माल उचलते."

"अहो, टोमॅटो गोड आहेत ना? मग झालं तर. बिचारीला कशाला छळता?"

काकूंना तिचा एवढा पुळका का, हे काकांनी लगेच टिपून ठेवलं. मग पुढचे दोन रविवार डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बाजार आवरायच्या वेळी टोमॅटोवाली काकूंच्या टेबलाशी येई, दोघी खालच्या आवाजात काहीतरी बोलत, आणि एक कापडी पिशवी इकडून तिकडे जाई. काका जवळ आले की बोलणं हवापाण्यावर वळे. म्हणजे बायकोला फुकट टोमॅटो देऊन गप्प बसवलंय तर! काकांचं डोकंच फिरलं. तडक जाऊन त्यांनी बाजाराच्या चिटणीसबाईंना गाठलं.

चिटणीसबाईंना नियम म्हटला की हुरूप येई. त्यांनी त्याच आठवड्यात ठराव केला. शंका आली तर पिकवणाऱ्याच्या घरी जाऊन पाहायचं, आणि हाताने वस्तू बनवणाऱ्यांनी रविवारी टेबलावर सगळ्यांदेखत करून दाखवायचं. न जमेल त्याने टेबल सोडायचं. पाहणीसाठी सोबत कोण? अर्थातच पारखीकाका. ही बातमी घरी सांगितली तेव्हा काकूंच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. "करून दाखवायचं? कशाला ते?" एवढंच त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, मैत्रिणीचं बिंग फुटणार म्हणून घाबरली.

शनिवारी दुपारी काका आणि चिटणीसबाई शेवटच्या इमारतीपलीकडे गेले. खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या पलीकडे खरोखरच मळा होता. काठ्यांना बांधलेल्या टोमॅटोच्या नऊ रांगा आणि कडेला एक खोली. काकांनी पानं उलटली, माती चिमटीत घेऊन चोळली, रोपं मुळापाशी हलवून पाहिली, उगाच कालच आणून खोचली असतील तर! रोपं जागची हलली नाहीत. झाडावर लहानमोठे सगळ्या मापांचे टोमॅटो लटकत होते.

"मग बाजारात एकाच मापाचे कसे?" काका अजून सोडायला तयार नव्हते. "आणि देठ?"

"घाऊक मालाच्या पॅकिंग शेडमध्ये अकरा वर्षं होते मी," टोमॅटोवाली म्हणाली. तिने एक टोमॅटो तोडला, आणि बोलता बोलता अंगठ्याने देठ उडवलासुद्धा. "हे बघा. हात ऐकतच नाही. लहान असतात ते घरी खाते. सवयच लागली, काय करू?"

काकांनी तो अंगठा पाहिला. असे अंगठे त्यांनी उभा जन्म पाहिले होते, तो खोटा असणं शक्य नव्हतं. आपलं चुकलं हे त्यांना कळलं, पण ते कबूल करणं जिवावर आलं.

चिटणीसबाईंना पाणी हवं होतं म्हणून सगळे खोलीत गेले. खुर्चीवर एक अर्धवट विणलेली टोपी पडली होती, सुया तशाच टोचलेल्या. लोकर मोहरीच्या रंगाची. काका जागच्या जागी थिजले. ती लोकर त्यांनी स्वतः आणली होती. दोन्ही गुंड्यांची छटा एकच आहे ना, हे दुकानाबाहेर उन्हात धरून पाहिलं होतं, आणि दुकानदाराने कपाळाला हात लावला होता.

"अरे वा, विणकामही करता?" चिटणीसबाईंनी सहज विचारलं.

"नातवासाठी," टोमॅटोवाली म्हणाली, आणि तिने काकांकडे पाहिलं. नजरेत भीती होती, पण स्वतःसाठीची नव्हती. काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

संध्याकाळी काकू चहा करत होत्या.

"टोमॅटो तिचेच आहेत," काका म्हणाले.

"मी सांगत नव्हते?"

"उद्या पहिल्या रांगेपासून सुरुवात आहे. तुला विणून दाखवावं लागेल."

"दाखवीन की." काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

बाजारात खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याला काका मध्येच अडवत नसत. बोलू देत, पुरता अडकू देत. आता बायकोशी ते तेच करत होते, आणि हे त्यांना कळतही नव्हतं. "ती मोहरी रंगाची टोपी झाली का गं?"

"झालीच. कपाटात आहे."

"कपाटात नाही. तिच्या खुर्चीवर आहे."

काकूंनी गॅस बंद केला आणि त्या खुर्चीवर बसल्या. रडल्या वगैरे नाहीत.

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष. रंग मी ठरवते, नक्षी मी सांगते. विणते ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं." काकूंचा आवाज अगदी साधा होता. "मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात. सकाळी बोटं मिटत नाहीत म्हणाले. तुम्ही म्हणालात, काल तर बरणी उघडलीस. मग मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्या दिवशी तुम्ही गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन केलात. खरंच दुखतंय का हिचं, की कामाचा कंटाळा आलाय? दार उघडं होतं. त्यानंतर मी माझं दुखणं तुमच्यापुढे काढलं नाही."

काकांना तो फोन आठवला. त्यात काही वावगं केलं असं त्यांना तेव्हा वाटलंच नव्हतं. आपलं नेहमीसारखं एकदा खात्री करून घेतलं, इतकंच. आता त्यांना लाज वाटली, अशी की त्यांनी पकडलेल्या एकाही व्यापाऱ्याला कधी वाटली नसेल. दीड वर्ष बरण्या उघडायला आपल्याच पुढ्यात येत होत्या, शर्टाची तुटलेली बटणं शिंप्याकडे जात होती. टोमॅटोचा देठ दिसला आणि हे दिसलं नाही.

"हात बघू," ते म्हणाले.

"नको." काकूंनी हात पदराखाली घेतला. "तुम्ही बघायला लागलात की मला चोर असल्यासारखं वाटतं."



रविवारी चिटणीसबाई वही घेऊन आल्या त्या थेट काकूंच्या टेबलाशी. भोवती बघे जमले. मधवाला तर खास वेळ काढून आला होता, पारखीच्या घरातली परीक्षा कोण सोडणार? "काकू, चार ओळी विणा, म्हणजे झालं," चिटणीसबाई म्हणाल्या. काकूंनी सुया उचलल्या. पहिला टाका कसाबसा पडला, दुसऱ्याला सुई बोटांतून निसटली. त्यांनी ती उचलली. पुन्हा निसटली.

"थांबा," काका म्हणाले. "हिला आता विणता येत नाही. हात दुखतात तिचे. टोप्या टोमॅटोवाली विणते. रंग आणि नक्षी हिची."

गर्दीत कुजबूज झाली. चिटणीसबाईंनी चष्मा वर केला. "डॉक्टरांचा कागद आहे?"

"नाही."

"मग कशावरून?"

अगदी ह्याच सुरात हा प्रश्न काकांनी आयुष्यभर शेकडो माणसांना विचारला होता. त्यावर समोरच्याकडे काय उत्तर असतं, हे त्यांना आज कळलं.

"ती म्हणते म्हणून."

"काका, हे तुम्ही सांगताय?"

"हो, मी सांगतोय. ती म्हणते दुखतं, म्हणजे दुखतं." मधवाल्याने मान खाली घातली.

चिटणीसबाईंनाही वाईट वाटलं असावं, पण नियम तो नियम. "टेबल सोडावं लागेल, काकू. ठराव तुमच्याच घरच्या तक्रारीवरून झालाय." काकू टोप्या गोळा करू लागल्या. एकेक टोपी तळव्यांनी दाबून, बोटं न वापरता.

तेवढ्यात टोमॅटोवाली हात पुसत पुढे आली. "बाई, टोप्या मी विणलेल्या ना? मग त्या माझ्या टेबलावर ठेवते. हाताने केलेलंच आहे."

"हो, ते चालेल, पण..."

"आणि ह्या माझ्या शेजारी बसतील. गिऱ्हाइकांशी मला बोलता येत नाही, त्यांना येतं. शेजारी बसायला काही नियम आहे का?"

चिटणीसबाईंनी वही चाळली. बसण्याबद्दल नियम नव्हता.

काकू उठून टोमॅटोवालीच्या बाकावर जाऊन बसल्या. टोप्या टोमॅटोंच्या शेजारी लागल्या आणि दोन बायका लगेच भाव विचारायला थांबल्या. काका रिकामं टेबल घडी करून काखेत धरून तिथेच वाटेत उभे होते. कुठे जावं ते त्यांना सुचत नव्हतं. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, काका एखादा टोमॅटो निरखायचे तसं.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक अडतंय."