तेलुगू काटा

तेलुगू चित्रपटातल्या नायिकेचं स्थान कसकसं बदलत गेलं, यावर अधिकारवाणीनं बोलेल असा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. माझ्या वाट्याला एकच तेलुगू चित्रपट आला, आणि तोही मी पाहिलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. चित्र पडद्याच्या अंगावर पडतं. त्याला ते दिसत नाही. तुम्हाला तरी स्वतःची पाठ कुठं दिसते? मला दिसतात ती फक्त बघणाऱ्यांची तोंडं.

बारामतीच्या एका शिंप्यानं मांजरपाटाचे तुकडे जोडून मला शिवलं आणि कुंडलिकरावांच्या फिरत्या तंबू टॉकीजला दिलं. सुप्याच्या बाजारापासून इंदापूरच्या जत्रेपर्यंत मी बैलगाडीतून हिंडलो. तंबूत माझ्या पुढं पुरुष बसत आणि मागं बाया. खेळाआधी माझ्यावर पाणी शिंपडत, म्हणजे चित्र मागंही उमटे, फक्त उलटं. बायांना प्रत्येक नायिका डावखुरी दिसे. पण कुणाची तक्रार नसे. तेव्हाची नायिका हातानं डोळे पुसण्यापलीकडे फारसं काही करत नव्हती.

पंचावन्न सालच्या सुमारास इंदापूरच्या मुक्कामी सोलापूरहून फिल्मचा चुकीचा डबा आला. यंत्र सुरू झालं आणि नायिका तेलुगूत बोलू लागली. पुरुष उठून तंबूचे बांबू हलवू लागले. कुंडलिकराव घामाघूम झाले.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "बसा की खाली. ती काय म्हणतीया ते मी सांगते."

ही म्हाळसामावशी. तिचं बालपण सोलापूरला तेलुगू विणकरांच्या शेजारी गेलेलं. तिच्याजवळ तिची भाची रतन बसली होती. महिन्यापूर्वी रतन घरी न विचारता सिनेमाला गेली, म्हणून तिच्या नवऱ्यानं, गेणूनं, तिला मावशीकडं आणून सोडलं होतं. आता तो न्यायला आला होता, पण अट घालून: चार लोकांत पाया पडायचं आणि चुकलं म्हणायचं. रतन म्हणे, "सिनेमाच बघितला, घर न्हाय जाळलं." बोलणी तिथंच अडली होती. गेणू मात्र त्या संध्याकाळी कुणाला विचारून सिनेमाला आला होता, ते मला कळलं नाही. तो माझ्या पुढं पहिल्या रांगेत बसला होता. नवराबायको दोघांची तोंडं दिसणारा तंबूत मी एकटाच.

"घोड्यावर बसलीया," मावशी सांगू लागली. "जमीनदाराला म्हणती, आमच्या पाटाचं पाणी कुणी वळवलं?"

"बाईनं इचारलं?" पुढून कुणीतरी म्हणालं.

"मंग? तू इचारलंस का कधी?"

बांबू हलायचे थांबले. मावशी रंगात आली. "मी ल्हान हुते तवा तिकडच्या सिनेमातल्या बाया नुसत्या देव्या व्हायच्या. आता बघा, घोडं काय, कज्जा काय."

शेवटच्या रिळाला मात्र मावशी गप्प झाली. रतनची मान खाली गेली आणि गेणूचं तोंड उजळलं. माझ्या अंगावर काय चाललंय, ते मला तेवढ्यावरून कळलं.

"पडली का न्हाय पाया?" गेणू मोठ्यानं म्हणाला. "सांगा की मावशी, काय म्हणतीया."

"समदा सिनेमा घोड्यावर आन शेवटी पायावर," मावशी पुटपुटली. ते मला आणि रतनलाच ऐकू आलं. मग तिनं आवाज चढवला. "ती म्हणतीया, धनी, काटा कुठं रुतलाय? दावा, काढते."

"मंग रडती कशापाई?"

"काटा लई आत हाय."

"आन त्यो का रडतोय?"

"पाय कुणाचा हाय?"

कुणी शंका काढली नाही. खेळ संपला, गॅसबत्ती लागली. बाया वळसा घालून पुढं आल्या. ठरलेले चार लोक उभेच होते. रतन आली आणि गेणूसमोर वाकली. गेणूनं छाती ताठ केली.

"कुठं रुतलाय?" रतननं विचारलं.

गेणूनं चार लोकांकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं. मग मातीतच बसला आणि पाय पुढं केला.

"टाचंत," तो म्हणाला. "परवापासनं."

रतननं बांगडीला अडकवलेली पीन काढली. चांगला बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा निघाला. तो पाहून मावशीच्या तेलुगूवर लोकांचा पक्का विश्वास बसला. त्या गडबडीत चुकलं कुणी म्हणायचं, ते राहूनच गेलं. सकाळी दोघं घरी गेली.

मित्रांनो, ती नायिका खरोखर काय म्हणाली असेल, याचं कुतूहल मला अजून आहे. सिनेमा कधीच पक्क्या इमारतीत गेला. मी एका अंगणात कुरडयांखाली पसरलेला असतो. जुन्या वस्तूंची कदर करा, असं आम्ही शेवटी म्हणायचं असतं. म्हणतो. पण त्याआधी तेवढा तो कावळा हाकला. त्याची चोच कुरडईतून खालपर्यंत लागते.