गोधडीखालचा जांभळा दिवा

मी एक जुना जांभळा दिवा आहे, अन् मित्रांनो, माझ्यापायी आमच्या कॉलनीत एक येडपट पैज लागली.

काकासाहेब मिशीवर ताव देत म्हणाले, "माझ्या बोअरच्या पाण्यात खोट निघाली, तर मुंडावळ्या बांधून टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा राहीन!"

"बायांच्या रांगेत?" शेजारच्या आशाबाईनं विचारलं.

"व्हय! अन् नाय निघाली, तर तुम्ही माझ्या बोअरची आरती करायची. ढोल लावून."

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण आशाबाईच्या जिवाला घोर होता. ती दुष्काळाची वर्षं. करमाडच्या रस्त्यानं संभाजीनगर पसरत चाललेलं अन् बोअर खोल खोल चाललेले. टँकरचा भरवसा नाय, म्हणून सगळी कॉलनी काकासाहेबांचंच पाणी प्यायची. खोल पाण्यात फ्लोराइड लई असलं, तर लेकरांचे दात डागाळतात, पुढं हाडं धरतात. अन् आशाबाईच्या पोरीचे दुधाचे दात पडून पक्के यायले होते.

आता हा न्याय माझ्याकडं कसा आला? माझा अतिनील उजेड तुम्हाला धड दिसत नाय. पण काही रेणू तो गिळतात अन् स्वतःचा रंगीत उजेड परत फेकतात. ह्याच कॉलनीत राहणाऱ्या भानुमती मॅडम रसायनाच्या शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मी कपाटाखालचा विंचू हिरवागार चमकवला. बाकीचे सगळे स्टुलावर चढले! मॅडम मात्र खाली वाकून विचारायल्या, "हा का बरं चमकतो?" तिथंच आमची गट्टी जमली.

मॅडमना असा रेणू हवा होता, की फ्लोराइड भेटलं तर हिरवा चमकेल, नाहीतर गप्प बसेल. तो बनलाही. स्पिरिटासारख्या रसायनात झकास चमकायचा, पाण्यात टाकला की विझायचा. अन् माणसं तर पाणीच पितात! ह्या एका अडचणीत मॅडमचे केस पिकले. आधी वाहवा झाली, मग लोक विसरले. नवी यंत्रं आली, मी धूळ खात पडलो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तो रेणू एकदाचा पाण्यातही चमकला. घरी येताना मॅडमनी त्याची कुपी अन् मला एकाच पिशवीत घातलं.

पैजेच्या दुपारी काकासाहेब लखलखीत बाटली घेऊन आले. मला अंधार लागतो, म्हणून मॅडम, काकासाहेब अन् आशाबाई चष्मे लावून एका गोधडीखाली घुसले. मला लावलं, तर बाटली निळीशार!

"हरले! हरले!" आशाबाई ओरडली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कुपीतलं औषध मी अजून टाकलंच नाही. काकासाहेब, बाटली कशानं धुतली?"

"कपड्याच्या पावडरनं. चांगली घासून. माझ्या पाण्याची इज्जत हाय!"

"कपडे उजळायचा रंग असतो त्या पावडरीत. तुमचा सदराही बघा कसा चमकतोय. ही हार मी धरणार नाही."

"मॅडम, जिंकलेली पैज सोडता व्हय?"

"आशाबाई, पाणी पोरीला पाजायचंय. पैजेला नाही."

मग नव्या बाटलीत थेट बोअरचं पाणी आणलं, दुसरीत टँकरचं. दोन्हीत थेंब टाकले. दोन्हीकडं अंधार.

"ढोल सांगू का?" काकासाहेब म्हणाले.

अन् हळूहळू बोअरची बाटली हिरवी व्हायला लागली. टँकरची काळीच राहिली. मग काकासाहेब हळूच म्हणाले, "माझ्या नातवंडांना बी हेच पाजतोय की मी."

मित्रांनो, माझ्याकडं उघड्या डोळ्यांनी टक लावू नका. पण काचेवरची धूळ तेवढी पुसत जा, अन् पाणी कितीही नितळ दिसलं तरी एकदा विचारून बघा. मी चहाडी करतो, पण खोटी करत नाय.

टँकर आला तेव्हा मॅडमनी मला मुद्दाम खिडकीत ठेवलं. काकासाहेबांनी बोअरच्या नळावर 'पिऊ नका' अशी पाटी टांगली, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या अन् हंडा घेऊन बायांमध्ये उभे राहिले. सगळी गल्ली पोट धरून हसली. नंबर आल्यावर भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ते घराकडं नाय, आशाबाईच्या दारात गेले. तो ओतला अन् दुसरा भरायला परत आले, ते थेट टँकरच्या नळीपाशी.

"ओ नवरदेव!" मागून आरोळी आली. "रांगेत या, रांगेत!"

मुंडावळ्या सावरत काकासाहेब मुकाट्यानं शेवटी जाऊन उभे राहिले.